ताडावरचा हूक

भोसरी, पुणे
२० सप्टेंबर २०२४

सरूवहिनी,

नमस्कार. लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. पत्र लिहायची हौस मला नाही. पण तू माझा नंबर बंद करून ठेवलायस आणि दादाचा फोन कायम भिंतीवरच्या खिळ्याला, जिथं रेंज येत नाही. मग दुसरं काय करू?

काल लाडक्या जीपवाल्यानं मला एक फोटो पाठवला. दादा दाभोशाच्या रस्त्यावर उभा, कमरेला मी पाठवलेला पट्टा आणि पट्ट्याच्या हुकाला हे एवढं मोठं भोक! कडेनं काळं पडलेलं, वितळून ओघळलेलं. लाडक्यानं खुशीत लिहिलंय, "तुझ्या जिवादादानं सळी तापवून पाडलं, बघ किती सफाई." मला तो फोटो बघून शिसारी आली.

गेल्या उन्हाळ्यात दादाचा दोर ताडावर घसरला आणि तो खोडाला मिठी मारून तसाच लोंबकळत राहिला. ही गोष्ट तू मला आठवड्यानंतर सांगितलीस, तीही तांदूळ निवडता निवडता. मला एकच भाऊ आहे. मी कारखान्यात साहेबांच्या हातापाया पडले, सुट्टीच्या दिवशी मशीन मागून घेतलं आणि खोडाभोवती घेतलेला पट्टा कमरेशी अडकवायला त्याच्यासाठी हूक बनवला. ते बाजारातलं बादलीचं प्लास्टिक नव्हे. नायलॉनच्या दाण्यांत ग्राफीन मिसळलंय. पेन्सिलीच्या शिशाचे डोळ्यांना न दिसणारे पातळ पापुद्रे समज. चिमूटभर घातले तरी नायलॉन ताठ होतं. हूक लोखंडाहून हलका आहे आणि दादासारखी चार माणसं त्याला लटकली तरी हलायचा नाही. मी स्वतः मशीनवर ओढून पाहिलाय.

आणि तुम्ही त्यात लाल सळी घातलीत. सळीनं भोवतालचं नायलॉन जळतं, एवढं तरी बारावी शिकलेल्या बाईला कळायला हवं होतं. दादा भोळा आहे. तू समोर बसून बघत होतीस ना?

तो हूक वापरायचा नाही. परत पाठव.

हर्षदा

---

दाभोसा, ता. जव्हार
२ ऑक्टोबर २०२४

हर्षदा,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमननं ते तुझ्या दादाच्या हातात दिलं, त्यानं वाचून माझ्या हातात दिलं आणि बैल बघायला म्हणून जो गेला तो अंधार पडेपर्यंत घरी आला नाही. बहीण-बायकोच्या मध्ये सापडलेला पुरुष असाच पळतो.

हो, मी समोर बसले होते. सळी मीच तापवून दिली. कशाला, ते विचारायचं तुला सुचलं नाही, म्हणून सांगते.

तुझा भाऊ ताडावर जातो तेव्हा त्याला दोनच हात असतात. वर गेल्यावर एका हातानं मडकं सोडवायचं, दुसऱ्या हातात कोयता, ताडी गळते ती पोय तासायची. मडकं उतरवताना कोयता कुठं ठेवायचा? दातात? जुन्या दोराला त्यासाठी एक फास असायचा. न बघता हात मागे नेला की कोयता तिथं अडकायचा. तुझ्या पट्ट्याला सगळं आहे, बकल आहे, शिलाई आहे, कंपनीचं नाव आहे. कोयत्याला जागा नाही. वाळक्या झावळ्या काढायला चढला त्या पहिल्याच दिवशी कोयता त्याच्या हातातून सुटला तो खाली म्हशीच्या शिंगापाशी येऊन पडला. म्हणून भोक पाडलं.

तू ताडी लहानपणी चोरून प्यायलीस, पण वर कसं जातात हे कधी मान वर करून बघितलं नाहीस. जव्हारच्या शाळेतून थेट पुण्याला. आता तिथून आम्हाला शिकवतेस. आमच्या घरात काय वापरायचं, कुणी झाडावर चढायचं, कुणी तुझ्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन व्हायचं, हे सगळं तुला ठरवायचं असतं. गणपतीत सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालीस, "माझ्या भावाला माकड करून ठेवलंय." ते मी विसरले नाही आणि विसरणारही नाही.

हूक परत पाठवतेय. आम्हाला नको.

सरू

---

भोसरी
१९ ऑक्टोबर २०२४

वहिनी,

भोक पाहिजे होतं ना, घे भोक.

सोबत दोन नवे हूक आहेत. एक दादाचा, एक जादा. साच्यातच पोलादी खिळा बसवून घेतलाय, त्यामुळं हूक मशीनमधून भोकासकटच बाहेर येतो. कडा बघ कशा गुळगुळीत आहेत. सळी नको, चूल नको, तुझी कारागिरी नको.

हे सोपं होतं असं समजू नकोस. ग्राफीन घातलेलं नायलॉन वाहायला फार हट्टी असतं. मशीननं हळू ढकललं तर वितळलेलं असूनही जागचं हलत नाही. जोर वाढवला की एकदम सैल होतं आणि धावत सुटतं. आधीच हट्टी, त्यात वाटेत खिळा. पहिले कित्येक हूक अर्धवट भरून निघाले. साचेवाला माझ्यावर वैतागला, म्हणाला, मॅडम, कशाला नसता खिळा घालताय. मी त्याला म्हटलं, माझी वहिनी या मालापेक्षा हट्टी आहे, तिला जोर करूनही हलवता येत नाही. तो हसला. मी नाही हसले.

कोयत्याचं तू सांगितलंस ते बरं केलंस. ते आधीच सांगता आलं असतं, जरा माणसासारखं. "माकड" मी रागात म्हटलं होतं, आणि तो टोमणा दादाला नव्हता, तुला होता. तुला कळूनही तू त्याचा डंका पिटतेस.

आता याला काही झालं तर माझं नाव बदला. दिवाळीनंतर हंगाम सुरू होईल, तेव्हा दादा याच हुकावर चढला पाहिजे.

हर्षदा

---

दाभोसा
८ नोव्हेंबर २०२४

हर्षदा,

हूक मिळाले. दिसायला छान आहेत. काळे, चकचकीत, भोक गोल गरगरीत. तुझ्या साचेवाल्याला सांग, हट्टी वहिनी खूश झाली. मी खूश झाले नाही, पण त्याला बरं वाटेल.

भाऊबीजेला तुझा भाऊ जव्हारच्या स्टँडवर दुपारभर बसला होता. नाशिकची गाडी आली, पुण्याची आली, तू आली नाहीस. नवा शर्ट घालून गेला होता, येताना शर्टाची बटणं उघडी टाकून आला. मी विचारलं तर म्हणाला, तिला काम असेल. तुझं काम मला माहीत आहे. पार्सल पाठवलं की बहिणीचं कर्तव्य झालं, असं तुला वाटतं. आम्ही पार्सलला ओवाळायचं का?

मी माझ्या माहेरी मोखाड्याला जाऊन आले. माझा भाऊ तरी घरी होता.

तुझा दादा जुन्या दोरावरच चढणार आहे. मी दोराचे पेड नवे वळून घेतलेत. तुझे हूक सुखरूप आहेत, काळजी करू नकोस.

सरू

---

भोसरी
२४ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

भाऊबीजेला मला सुट्टी मिळाली नाही. दादाला मी तसं कळवलं होतं, लाडक्याच्या फोनवर. निरोप पोचला नाही यात माझा काय दोष? पण तुला खुलासा देत बसायला मी बांधलेली नाही.

कामाचं लिहिते. ते दोन हूक परत पाठव. त्या खेपेच्या रंगात फरक आलाय, कुठं काळा, कुठं करडा. साहेबांना सगळा माल एकसारखा लागतो. नवे बनवून पाठवीन. दादा ते वापरत नाहीच म्हणतेस, तर पडून ठेवून काय करणार? लाडक्याजवळ दे, तो जव्हारच्या पार्सल ऑफिसात टाकेल.

एवढं तरी ताबडतोब कर. दरवेळी माझ्या शब्दाला आडवं जायलाच हवं असं नाही.

हर्षदा

---

दाभोसा
१ डिसेंबर २०२४

हर्षदा,

वाचून मला हसू आलं. रंगात फरक! ताडावर कोण बसलंय रंग बघायला? सरळ लिही ना, की वहिनीनं भाऊबीजेवरून चार शब्द सुनावले, नाकाला मिरच्या झोंबल्या, म्हणून दिलेली वस्तू परत मागतेय. आमच्याकडे लहान मुलंसुद्धा एकदा दिलेला भोवरा परत मागत नाहीत.

आणि मागून मिळणारही नाही. हूक माझ्याकडे नाहीत. भाऊबीजेला ते मी माझ्या भावाला दिले, चंदूला. तोही ताडी काढतो हे तुला ठाऊक असायचं कारण नाही, तू माझ्या माहेरच्यांची कधी चौकशी केली नाहीस. त्याला पट्टासुद्धा शिवून दिला. तुळशीचं लग्न झाल्यापासून रोज त्यावरच चढतो. वर गेल्यावर मागं रेलून, दोन्ही हात सोडून, खालच्या पोरांना कोयता नाचवून दाखवतो. पाड्यात सगळ्यांना सांगत सुटलाय की माझ्या बहिणीच्या नणंदेनं बनवलाय, इंजिनिअर आहे. तुझं नाव तिथं माझ्यामुळं झालं, एवढं लक्षात ठेव.

तुझ्या भावाला नको होता, माझ्या भावाला उपयोगी पडला. आता तुझ्या साहेबांना सांग, करड्या रंगाचा हूक मोखाड्याच्या डोंगरात मिरवतोय.

सरू

---

भोसरी
५ डिसेंबर २०२४, सकाळ

वहिनी,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. हे लिहून त्याचा फोटो लाडक्याला पाठवतेय. तो जव्हारहून जीप घेऊन थेट तुझ्या दारात येईल. मला शिव्या नंतर दे. आधी हे पूर्ण वाच आणि त्याच जीपमध्ये बसून मोखाड्याला जा. चंदूच्या पाड्यावर रेंज नाही, त्याचा नंबर माझ्याकडे नाही, आणि त्याचं घर कुठं आहे तेही मला माहीत नाही.

रंगाचं मी खोटं लिहिलं. हूक तुटतो.

वितळलेलं नायलॉन साच्यात एका टोकानं शिरतं. वाटेत तो खिळा आला की त्याचे दोन फाटे होतात, खिळ्याला वळसा घालतात आणि पलीकडे एकमेकांना भेटतात. साधं नायलॉन असतं तर भेटल्यावर बऱ्यापैकी एकजीव झालं असतं. ग्राफीनवालं लवकर निवतं. दोन्ही तोंडांवर दुधावर धरते तशी साय धरते आणि ग्राफीनचे पापुद्रे त्या सायीवर आडवे निजतात. या बाजूचा एक पापुद्रा त्या बाजूला जात नाही. बाहेरून हूक अखंड दिसतो. आत भोकापासून कडेपर्यंत नुसता टेकवलेला जोड आहे.

पहिली खेप मी ओढून पाहिली होती. ही पाहिली नाही. भोकच तर घातलंय, म्हटलं. उरलेल्यांपैकी एक मागच्या महिन्यात सहज मशीनला लावला तर तो खडूसारखा तुटला. सगळे लावले. सगळे तिथंच तुटले. तुमच्या सळीनं पाडलेलं भोक याहून बरं होतं, कारण तेव्हा माल आधी अखंड भरला होता. हे तुला लिहायला माझा हात धजेना. दादा वापरत नाही असं तू लिहिलं होतंस, म्हणून मला वाटलं, गुपचूप परत मागवू.

आता नीट वाच. तू पोचशील तेव्हा चंदू झाडावर असेल तर ओरडू नकोस. दचकून मागं रेलला तर सगळा भार हुकावर येईल. त्याला हूक तुटणार म्हणूनही वर असताना सांगू नकोस, तो वळून बघायला जाईल. छाती खोडाला लावून, दोन्ही हातांनी धरून, हळूहळू खाली यायला सांग. गोड बोलून सांग. तुला जमत नाही ते मला माहीत आहे. आज जमव.

मी मिळेल त्या गाडीनं निघतेय.

हर्षदा

---

दाभोसा
१६ डिसेंबर २०२४

हर्षदा,

तू दवाखान्यात आलीस, चंदूच्या खाटेच्या पायाशी संध्याकाळपर्यंत बसलीस आणि गेलीस. मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. मुद्दाम बोलले नाही. तिथं तोंड उघडलं असतं तर माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असता आणि चंदूला त्रास झाला असता. जे झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितेय.

लाडक्या आला तेव्हा मी नागली पाखडत होते. त्याच्या फोनवर तुझं पत्र वाचलं, सूप तिथंच टाकलं. वाटेत घाटात मी त्याला इतकं घाई कर, घाई कर म्हटलं की तो म्हणाला, वहिनी, मग तीन माणसं मरतील. पाड्यावर पोचले तर चंदूची बायको म्हणाली, ओढ्याकडच्या ताडावर गेलाय.

वर होता. अगदी शेंड्याला, झावळ्यांत. मागं रेलून मडकं बांधत होता. मला त्याला शिव्या घालायच्या होत्या, जन्मभर त्याच घालत आलेय. त्या गिळल्या आणि म्हटलं, "चंदू, माझ्या राजा, खाली येतोस का रे? तुला भेटायला आलेय."

त्यानं वाकून बघितलं. "बाय? तू कव्हा आली?"

"आत्ताच. पण घाई नको करू, बाळा. खोडाला धर. दोन्ही हातांनी धर. छाती टेकव. तसाच ये, सावकाश."

"आजारी हाय का गं तू? अशी काय बोलतेस?"

"नाही रे सोन्या. ये तू. तुझ्यासाठी लाडू आणलेत." लाडू वगैरे काही नव्हते. तोंडाला आलं ते बोलत होते.

तो उतरायला लागला. मी सांगितलं तसा, छाती लावून. मी एकेक खाच मोजल्यासारखी बघत होते आणि तोंडानं राजा, बाळा, सोन्या चालूच. लाडक्या माझ्याकडे बघेना. अर्धा ताड उतरला. मग आमच्या घराच्या आढ्याएवढा राहिला. मला वाटलं, आला, आता हातात आला.

तेवढ्यात त्याला हसू आवरेना. मी कधी त्याच्याशी असं बोललेच नव्हते ना. "बाय, तुझ्या तोंडात कुणी साखर घातली गं?" असं म्हणाला, हात सोडले आणि मला नीट बघायला, हसायला, मागं रेलला.

आवाज फार झाला नाही. वाळकी काटकी मोडते तेवढाच. चंदू खांद्यावर पडला. गळ्याखालचं हाड आणि उजवं मनगट मोडलं. मी दोन्ही हात पुढं केले होते, त्यांचा काही उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणतात, हाड जुळेल, पण यंदा झाडावर जायचं नाही. शेंड्यावरून पडला असता तर तुला हे पत्र आलं नसतं. दुसरंच काही आलं असतं.

तुटलेले दोन्ही तुकडे मी बघितले. तू लिहिलंस तसंच आहे. बाकी तुटलेल्या जागी खरबरीत, आणि भोकापासून कडेपर्यंत काचेसारखं गुळगुळीत. दुसरा हूक मी वरवंट्यानं फोडला. तोही तिथंच फुटला.

हूक चंदूला मी दिले, तुला न सांगता, तोरा मिरवायला. ते माझं मी बघेन, रोज बघतेच आहे. त्याला जेवण भरवताना तो डाव्या हातानं घास घ्यायला जातो आणि सांडतो, तेव्हा बघते. तुझ्याजवळ त्याची रडगाणी गाणार नाही. पण २४ तारखेला तू खरं लिहिलं असतंस तर पत्र मिळाल्या दिवशी मी चालत मोखाड्याला गेले असते. त्याला जमिनीवर उभा असताना पट्टा सोडायला लावला असता, कान धरून. मला गोड बोलावं लागलं नसतं आणि त्याला हसू आलं नसतं.

तू एसटीत रडत होतीस असं तुझा दादा सांगत होता. मला वाईट वाटावं म्हणून सांगितलं असेल. मला वाटलं नाही.

तो म्हणतो, हर्षदाला नवा हूक बनवू दे, भोकाशिवाय, भोक आपण नंतर पाडू. मी नको म्हटलं. मग परवा तो जुन्या दोरावर चढला आणि मी खाली उभी राहिले, आणि तो उतरेपर्यंत माझ्याच्यानं वर बघवलं नाही. म्हणून सांगते, बनव. किती ओढून बघितलास ते लिही, कुठं तुटला तेही लिही. मी वाचीन आणि मग ठरवीन.

मला हट्टी म्हण, भांडखोर म्हण, साचेवाल्याजवळ माझी टिंगल कर, मीही तुला सोडणार नाही. पण माणूस ज्या वस्तूला जीव सोपवून लटकणार आहे, तिच्याबद्दल मला पुन्हा कधी खोटं लिहू नकोस.

सरू